खिडकीतून उतरलेली नवरी

मसाका शहरातल्या सेबोवांनी लेकीच्या, नालुगोच्या, लग्नासाठी जुनी मोटार घेतली. तिचं मागचं दार वाकडं होतं. खांदा लावून उचलल्याशिवाय चौकटीत बसत नसे. लग्नाच्या दिवशी नालुगोला मागे बसवून त्यांनी ते जोर लावून बंद केलं, आणि चर्चपाशी ते उघडेचना. पलीकडचं तर आधीपासूनच अडकलेलं. घेरदार झग्यात पुढच्या सीटवर जाणंही जमेना. सगळं वऱ्हाड बघत होतं. सेबोवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, सरका. मी खिडकीतून येते," नालुगो म्हणाली.

आत्यांनी झगा सावरला, नवरदेवाने धावत येऊन तिला अलगद बाहेर काढलं आणि ढोल दणाणले. सेबोवाही हसत हसत नाचायला लागले.

"अहो, दार दुरुस्त नका करू," बायको त्यांच्या कानात ओरडली. "धाकटीलाही असंच उतरवू!"