हाकेचं नाव

थर्ल्स गावच्या कुत्र्यांच्या शर्यतीच्या कार्डावर तिचं नाव छापलेलं असायचं ‘नॉकरो क्वीन’. आता ही क्वीन लूबीबाईंच्या स्वयंपाकघरात, भिंतीला पाठ लावून, चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी उभी होती. तेरा दिवस झाले, उभीच होती.

लूबीबाई शाळेतल्या. सत्तरी ओलांडलेल्या, बिनलग्नाच्या, घरात एकट्या. अर्ध्या गावाला पाढे त्यांनीच शिकवलेले, त्यामुळे चर्चचे फादरसुद्धा त्यांना ‘बाई’च म्हणत. शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड कुत्री घरोघरी देणाऱ्या संस्थेनं त्यांना पंधरा दिवस दिले होते. जमलं तर ठेवा, नाहीतर परत करा. त्यात काय जमायचंय, असं बाईंना वाटलं होतं.

जमत काहीच नव्हतं. क्वीननं आयुष्यात जिना पाहिला नव्हता, काचेचं दार पाहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी दारावर नाक आपटून घेतलं. हे सगळं बाई समजू शकत होत्या. पण ती हाकेला ओ देईना. “क्वीन!” म्हणा, “राणीसाहेब!” म्हणा, शिंगासारखे ते कान जागचे हलत नसत. ब्राउन ब्रेड दुधात कुस्करून ठेवला तर बाई खोलीबाहेर गेल्यावर खायची. चाळीस वर्षांत आपल्या हाकेला न उठलेलं एकही पोर बाईंना आठवत नव्हतं. ही आपल्याला नको म्हणतेय, हे त्यांना फार लागलं.

चौदाव्या दिवशी सकाळी त्यांनी संस्थेच्या ऑर्लाला फोन लावला.

“मनाला लावून घेऊ नका हो बाई,” ऑर्ला म्हणाली. “काही कुत्री नाही रुळत.”

“कुत्री ठीक आहे. मीच तिला पसंत नाहीये. उद्या घेऊन जा.”

“बरं, परतीचा अर्ज भरते. मागच्या वेळी तुम्ही नुसतं ‘डी. लूबी’ लिहिलंत. पूर्ण नाव लागतं.”

बाई जरा अडखळल्या. “डिंपना.”

“काय? लाइन खरखरतेय.”

“डिंपना!” बाईंनी वर्गातला आवाज काढला.

भिंतीपाशी नखं वाजली. क्वीन दोन ढांगांत स्वयंपाकघर ओलांडून आली, शेपटी खुर्चीवर फटफट आपटत बाईंच्या मांडीवर तोंड ठेवलं, आणि अंगाचा सगळा भार त्यांच्या पायांवर टाकून टेकली. बाईंना हलता येईना. हलायचंही नव्हतं.

“बाई? आहात ना?”

“फाड तो अर्ज,” बाई म्हणाल्या.

पुढचा फोन मॉसी ग्लीसनला. हिला शर्यतीसाठी तयार करणारा तोच.

“मॉसी, हिला तू तुझ्याकडे काय हाक मारायचास?”

“क्वीन.”

“मॉसी ग्लीसन, माझ्याशी खोटं बोलायचं नाही.”

“कार्डावरचं नाव लोकांसाठी असतं बाई. हाकेचं वेगळं असतं.”

“ते कळलं मला आत्ताच. माझंच का?”

“नॉकरोच्या हॉलमधला नाच आठवतो? चौऱ्याहत्तर साल. तीनदा विचारलं मी, नाचता का म्हणून. तुम्ही म्हणालात पाय दुखतायत. आणि नंतर त्या दूध डेअरीवाल्याबरोबर तासभर नाचलात.”

“म्हणून सूड उगवलास होय रे, कुत्रीला नाव देऊन?”

“सूड कसला!” मॉसी दुखावल्यासारखा म्हणाला. “पिलांत जी सगळ्यात गुणी निघते ना, तिलाच देतो ते नाव. ही चौथी.”

बाईंनी मांडीवरच्या त्या लांब तोंडावरून हात फिरवला.

“बदलून टाका हवं तर,” तो पुटपुटला. “स्वतःच्याच नावानं हाका मारायच्या म्हणजे लोक काय म्हणतील.”

“लोकांचं मी बघते. तू रविवारी चहाला ये. आणि पाय दुखतायत असलं काही सांगू नकोस.”

दुपारी कुत्री बागेच्या पार टोकाला कुंपण हुंगत होती. बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. शेजारी कुणी दिसलं नाही. त्यांची बहीण टीसी गेल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून या घरात त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. घसा खाकरून त्यांनी हाक मारली.

“डिंपना!”

ती मान वर करून सुटली, पोट गवताला टेकेल इतकी खाली होऊन, माती उडवत. आणि टीसीच्या हाकेला द्यायच्या तशी ओ बाईंच्या तोंडून आपसूक निघून गेली, “आले गं, आले!”