बांधावरची दहा पावलं

घाटघरच्या बारा वर्षांच्या जयावर कोणी विश्वास ठेवत नसे, आणि चूक तिचीच होती. पावसात डोक्यावर घ्यायच्या इरल्यात खेकडा कोणी सोडला, हे घरात कधी विचारावं लागत नसे.

त्यामुळे भातलावणीत ती आजोबांना, कुशाबांना, म्हणाली, "आबा, हर्षालीच्या डोक्यात मागं गाठ हाय," तेव्हा त्यांनी मानही वर केली नाही.

"आली डाक्टरीण!" शेजारचा दादाभाऊ हसला.

सात वर्षांची हर्षाली त्याचीच मुलगी. दोन्ही घरं पडकईनं लावणी करायची; आज यांचं खाचर, उद्या त्यांचं. रोपांच्या जुड्या आणताना हर्षाली बांधावरून रोज चिखलात पडे. काम चुकवायला पडते, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. सकाळी उठल्याबरोबर ओकते, ते शाळा बुडवायला.

तीन वर्षांपूर्वी जयाची मेंदूतली गाठ पुण्यात काढली होती. लहान मुलांची गाठ पुष्कळदा डोक्याच्या मागं, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत असते, हे तिला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. गाठ एका बाजूला असली, तर मूल बहुधा त्याच बाजूला कलतं.

दुपारी भाकरी खाताना जया उभी राहिली. "टाचेला अंगठा भिडवून बांधावर दहा पावलं! पडंल त्यानं मला पाठीवर घरी न्यायचं."

"चल, तुझी खोड मोडतो," म्हणत दादाभाऊ उठला आणि चौथ्या पावलाला उजवीकडच्या चिखलात बसला. दुसऱ्यांदा डावीकडं. बायका हसून लोळल्या.

मग हर्षाली चालली. डावीकडं पडली. पुन्हा डावीकडं. तिसऱ्यांदाही डावीकडंच. आता जया हसत नव्हती.

कुशाबांचा घास हातातच राहिला. बाजारात बैल चालवून, पाय पारखून घेणारा माणूस तो. "पोरी, अजून एकदा चाल," म्हणत ते तिच्या मागं वाकून पावलं बघत गेले. सहाव्या पावलाला ती डावीकडं झुकली. त्यांनी तिला वरच्या वर धरलं.

"दादा, सोंग करनारी एकदा तरी उजवीकडं पडली असती. सकाळच्या एष्टीनं पुण्याला न्हे हिला."

"आन् माझी लावणी, आबा?"

"पडकई कशाला हाय? तुझं खाचर आमी लावतो."

पाचव्या दिवशी दादाभाऊचा फोन आला तेव्हा सगळे त्याच्याच खाचरात होते. "गाठच हाय, आबा. डाव्या अंगाला. मंगळवारी आपरेशन. वेळेत आणलं म्हनले."

कुशाबांनी फोन ठेवला. मग त्यांनी नातीलाच विचारलं, "हुईल का गं बरी?"

"आता मला काय विचारता? मी डाक्टरीण हाय व्हय?" जया म्हणाली, आणि दोन्ही हातांत जुड्या घेऊन बांधावरून जराही न कलता पळत सुटली.