हिरवा चिमटा

अकरा वाजून दहा मिनिटांनी, किल्ल्याच्या तिकीट-खिडकीसमोर रांगेत उभी असताना, रुमालासाठी खिशात गेलेल्या तिच्या हाताला चिमटा लागला. कपडे वाळत घालायचा, प्लास्टिकचा, एका टोकाला झिजलेला. तिने तो बाहेर काढला नाही. अंगठ्याने दाबून पाहिला — उघडला, मिटला — आणि बोटांना ओळख पटल्यावरही थोडा वेळ ती स्वतःला सांगत राहिली की हा दुसरा असेल. दुसरा नव्हता. घरातले बाकी सगळे चिमटे लाकडी होते. हा एकच प्लास्टिकचा, आणि न बघताही तिला माहीत होतं, हिरवा.

"किती?" खिडकीतून विचारणा झाली.

"एक."

"एकट्याच?"

"एकटीच."

चिमटा इथे होता म्हणजे तो गॅलरीच्या तारेवर नव्हता. तारेवर नव्हता म्हणजे दादा वर गेला नव्हता. आणि दादा वर गेला नव्हता म्हणजे बाबा सकाळी सव्वाआठपासून घरात एकटे होते; पलंगावर, डाव्या कुशीवर, तिने लावून दिलेल्या तीन उशांच्या आधाराने. तिने तिकीट घेतलं. सुटे पैसे मोजूनही घेतले. परतीची बस एक वाजता होती, त्याआधी नव्हती, तेव्हा आत गेलं काय आणि बाहेर उभं राहिलं काय… हा हिशेब तिने इतक्या झटपट केला, की तो आधीच करून ठेवलेला असावा.

बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेली. उजवी बाजू लुळी पडल्यावर ते अंथरुणाला खिळले, आणि दिवसा दादाने, रात्री तिने त्यांच्यापाशी राहायचं असं ठरलं. पण आई गेल्यापासून दादा आणि ती एकमेकांशी बोलत नव्हते. बाबांनी समेट घडवायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी वाहतुकीची व्यवस्था लावून दिली.

"एकेरी मार्ग आहे हा," ते म्हणाले होते. जीभ जड झाली होती, पण आवाज केबिनमधलाच. "एका वेळी एकच गाडी. समोरासमोर आलात तर अपघात माझ्या उशापाशी व्हायचा."

पूर्वी एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात टोकन दिल्याशिवाय गाडी पुढे सोडत नसत. टोकन एकच, म्हणून गाडीही एकच. तसा हा चिमटा. जो निघेल त्याने तो गॅलरीच्या तारेला, डाव्या टोकाला लावायचा. येणाऱ्याने खालूनच बघायचं, लागलेला असेल तरच जिना चढायचा, आणि वर आल्यावर तो काढून दाराजवळच्या खुंटीला अडकवायचा. रंगही बाबांनीच ठरवला. "लाल नको हं. लाल दिसला की माझा हात अजून सिग्नलच्या खटक्याकडे जातो." आणि हसले होते. त्या घरात त्यानंतर इतकं मोकळं कुणी हसल्याचं तिला आठवत नव्हतं.

दादाने हा नियम एकदाही मोडला नाही. मध्ये एकदा डॉक्टर उशिरा आले म्हणून ती अडकून पडली, तर तो पूर्ण दोन तास खाली सायकल दुरुस्तीवाल्याच्या बाकावर बसून राहिला. पडद्याआडून तिने पाहिलं होतं, भर उन्हात, मांडीवर डबा, नजर तारेवर. आताही तो तिथेच असणार. ती वरच आहे, काहीतरी कारणाने अडली आहे, असं धरून. हट्टी आहे तो… आम्ही दोघंही.

गाईडने छत्री वर धरली आणि सगळ्यांना हाकारलं. त्याच्याशिवाय आत सोडत नव्हते. एक पर्यटक जोडपं, त्यांच्यासोबत नवऱ्याची आई, दोघे निवृत्त दिसणारे गृहस्थ, आणि ती. दरवाजा उंच होता, त्यावर खिळे होते, आणि खिळ्यांमागे हत्तींची गोष्ट होती. ती तिला ठाऊक होती. शाळेची सहल इथे आली तेव्हा ती तापाने घरी राहिली होती, आणि दादाने परत आल्यावर तिला हे शहर इतक्यांदा सांगितलं होतं की पुढे कितीतरी वर्षं आपण ते पाहिलेलंच आहे अशी तिची समजूत होती. म्हणून तर आज स्टँडवर या शहराची पाटी दिसली, इंजिन चालू, खिडकीची एक जागा रिकामी… घरी जाऊन झोपायचं होतं. कारखान्याला सुट्टी होती. बसमध्ये चढताना कुणी विचारलं असतं तर तिला कारण सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही.

आता ती दादाचं सांगणं आणि समोरचं जुळवून पाहत होती. बुरूज त्याने सांगितला त्याहून बुटका. तलावात मगरी नव्हत्या. मुळात तलाव नव्हता, दगडी हौद होता आणि त्यात एक चप्पल तरंगत होती. कारखान्यात ती उजेडाच्या पडद्यासमोर बसते; बाटल्या पट्ट्यावरून सरकत येतात, आणि बुडबुडा, तडा, कलती मान दिसली की बोटाच्या फटक्याने ती बाटली बाजूला करायची. नजर तशीच झाली आहे. महालाच्या कमानी ती बघत नव्हती; कमानींतल्या भेगा बघत होती. तिच्या हातून सदोष माल पुढे गेल्याची तक्रार नाही. अशी बाई चिमटा विसरते?

विसरले. माणूस विसरतो.

तिने बाबांचा फोन लावला. पूर्ण वाजला, बंद झाला. तो वाजणार आणि बंदच होणार होता. निघण्याआधी तिनेच तो दाराशेजारच्या फळीवर चार्जिंगला लावला होता, पलंगापासून दहा पावलांवर. म्हणजे तिने काय साधलं, तर बाबांना ऐकवलं. पलंगावरून त्यांना तारेचं डावं टोक दिसतं. पलंग हलवताना त्यांनी तसा हट्टच धरला होता, "माझा सिग्नल मला दिसला पाहिजे." म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मार्ग मोकळा झालेला नाही, गाडी बाहेर उभी आहे, आणि खटका हाताच्या अंतरावर नाही.

दादाचा नंबर फोनमध्ये होता. नावासकट. ती त्याच्याकडे बघत राहिली, तोवर गाईड पुढच्या दालनात शिरला.

"हे कुजबुजीचं दालन," तो म्हणाला. "या कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून बोला, त्या कोपऱ्यात ऐकू येतं. मधल्यांना काही नाही. राजाचे हेर इथे कामाला असत म्हणतात. आता हेर नाहीत, तुम्ही बोला."

दादा म्हणाला होता, मैदानाएवढं आहे. शाळेच्या वर्गाएवढं होतं. सहलीहून आल्यावर तो तिला खोलीच्या एका कोपऱ्यात उभी करी, स्वतः दुसऱ्या कोपऱ्यात भिंतीला नाक लावून काहीतरी पुटपुटे, आणि वळून विचारी, "ऐकू आलं?" घराची भिंत ती, काय ऐकू येणार. पण त्याचा चेहरा इतका आशेने भरलेला असे की ती म्हणायची, "आलं." "काय म्हणालो?" "ते मी नाही सांगणार." तो खूश व्हायचा.

"ताई, तुम्ही त्या कोपऱ्यात व्हा जरा, आमच्या सासूबाईंचा फोटो काढायचाय," जोडप्यातली बायको म्हणाली, आणि तिला हाताने जवळजवळ सरकवून मधोमध जाऊन उभी राहिली. ती कोपऱ्यात गेली. दगड गार होता. तिने कान टेकवला, एवढ्यासाठीच की बाकीचा आवाज बंद व्हावा.

आणि भिंतीतून, अगदी कानात, एका अनोळखी पुरुषाचा आवाज आला —

"काय गं… गॅस बंद केला होतास ना?"

मागे वळून पाहण्याची हिंमत होईना. आवाज थांबला नाही. हळूच, घरातल्यासारखा, जरा काळजीचा: "सांग ना. बंद केलास ना निघताना?"

"नाही," ती भिंतीला म्हणाली.

पलीकडे धावपळ झाली. नवरा दालन ओलांडून तीरासारखा आला. "बंद नाही केलास? मग सकाळपासून गप्प का?"

"मी? मी कुठे काय बोलले?" बायको म्हणाली.

"आत्ता म्हणालीस की, नाही म्हणून!"

"मी इथे तुमच्या आईचा फोटो काढतेय! बंद केलाय मी, दोनदा बघितलाय. यांचं हे नेहमीचं हो. चार पावलं घराबाहेर पडलो की गॅस."

"मग कोण म्हणालं?"

"भिंत म्हणाली असेल," सासूबाई म्हणाल्या. "तुला उत्तर द्यायला तीच उरली होती."

सगळे हसले, गाईडसुद्धा. नवरा ओशाळून हसला, आणि मग त्याची नजर कोपऱ्याकडे गेली. ती तिथे होती. तिने मान खाली घातली. खिशात चिमटा इतका घट्ट दाबला गेला होता की बोटाच्या पेरावर वळ उठला.

सकाळी निघताना बाबा म्हणाले होते, "चिमटा?"

"लावला," ती दारातून म्हणाली होती. खुंटीवरून काढलेला चिमटा तेव्हा तिच्या मुठीत होता. एका हातात पिशवी, किल्ली; लावणारच होते, म्हणून आधीच लावला म्हणाले… नाही. गॅलरी दाराच्या उलट्या बाजूला, बाबांच्या पलंगाला वळसा घालून. दाराबाहेर चिमटा लावायची जागाच नाही. दार ओढून घेतलं; लॅच आपोआप लागलं, दुसरी किल्ली दादाकडे होती. दोन पायऱ्या उतरल्यावर मुठीत काहीतरी टोचलं, म्हणून तिने मूठ उघडली आणि पाहिलं.

पाहिलं होतं. हे तिला आता, दालनाच्या कोपऱ्यात, इतकं स्वच्छ दिसलं, पडद्यासमोर बाटली धरावी तसं. जिन्यावरचा पिवळा उजेड, तळहात, तळहातावर हिरवा चिमटा. आणि मनात आलेले दोनच शब्द — बसू दे.

बसू दे त्याला थोडा वेळ.

आई गेली तेव्हा ती आईपाशी होती, म्हणजे स्वयंपाकघरात होती, पाणी गरम करत. ती परत आली तोवर आई गेलेली. दादा आला, उंबऱ्यातच उभा राहिला आणि जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "तू होतीस ना इथे?" एवढंच. आवाज चढवला नाही. त्या प्रश्नाला अजून तिने उत्तर दिलेलं नाही, आणि त्यानेही पुन्हा विचारलेला नाही. बसू दे, हे कदाचित ते उत्तर असावं. पण त्यात बाबा कुठे होते? दोन पायऱ्यांवर उभी असताना मला बाबा दिसलेच नाहीत… मला फक्त बाक दिसला, बाकावरचा तो, मांडीवरचा डबा. त्याने वर बघत राहावं. मी तिथे आहे असं त्याने धरून चालावं, आणि मी तिथे नसावं.

ती दालनातून बाहेर आली, हौदाच्या काठावर बसली आणि दादाला फोन लावला. त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. ते बरोबरच होतं; त्याच्या लेखी ती वीस पायऱ्या वर होती, आणि वीस पायऱ्यांवरून फोन करणं म्हणजे नियमातून पळवाट. तिने संदेश लिहिला: मी वर नाही. चिमटा माझ्याकडे राहिला. लगेच वर जा. 'राहिला' हा शब्द तिने खोडला. 'मी घेऊन आले' असं लिहिलं. पाठवला. पोचल्याची खूण उमटली, वाचल्याची नाही.

गाईडने हाक मारली, "ताई, राणीमहाल राहिला की तुमचा!"

"राहू दे."

"तिकिटात आहे हो."

एकच्या बसमध्ये तिला मागची जागा मिळाली. बाबांच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाई शाळेत शिकवतात, दुपारी घरी येतात. त्यांचा फोन सव्वापर्यंत बंद होता. मग लागला. तिने थोडक्यात सांगितलं. थोडक्यात सांगायला फार काही लागत नव्हतं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे आत कुणीच नाही? थांब, गॅलरीतून बघते… भावाची स्कूटर आहे तुझ्या. झाडाखाली."

"आणि तो? बाकावर?"

"बाक रिकामा आहे गं. सायकलवाल्याचं दुकान पण बंद आहे, जेवायला गेला असेल तो."

"दार वाजवता का? प्लीज."

चपलांचा आवाज, दार, मग बाबांच्या घराची बेल, फोनमधून येणारी, रोजची. पुन्हा बेल. बस एका वळणावर कलली आणि पुन्हा सरळ झाली. दादा असता तर त्याने दार उघडलं असतं. दुपारी तो बाबांना आंघोळ घालतो, मोरीचं दार लावून, नळ सोडून. तेव्हा त्याला काही ऐकू येत नाही. हे तिला बाबांनीच सांगितलं होतं, तक्रार म्हणून. पण तो वर गेला असेल तर चिमट्याशिवाय गेला. इतकी वर्षं पाळलेलं मोडून. तो जिना चढताना तिला दिसू लागला, आणि आपल्याला त्याचा राग येत नाही, याचं तिला नवल वाटलं. चढ, ती मनात म्हणत होती. मोड. चढ ना रे.

"कुणी उघडत नाही," बाई म्हणाल्या.

"दाराला कान लावून बघा."

"काय?"

"कान लावा दाराला. काही ऐकू येतंय का."

बाईंच्या बांगड्या दाराला लागल्याचा आवाज आला. बसच्या खिडकीतून ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं, आणि त्यात उघडा तळहात, तळहातावर चिमटा. तो तिने कधी बाहेर काढला ते तिला आठवेना.

"येतंय गं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बोलण्याचा आवाज येतोय. पुरुषाचा."

"एकाचा की दोघांचा?"

"ते नाही कळत."

सकाळी निघताना, बाबांना सोबत म्हणून, तिने रेडिओ लावून ठेवला होता.