दसऱ्याला माझा पाय वाकला

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. लोक मला प्रोसेसर म्हणतात. दिसायला बिस्किटाएवढी, पण पोटाखाली हजारावर सोनेरी पाय. संगणकाचा सगळा विचार मी करायचा आणि कौतुक पडद्याचं व्हायचं. असो, घरोघरी हेच.

वारज्यात घरांचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत मी वर्षानुवर्षं राबले. सुरुवातीला साहेब म्हणायचे, "काय पळतंय हो मशीन!" मग नवी आली आणि मला नारळ मिळाला. धायरीत जुने सुटे भाग विकणाऱ्या बद्रीनाथने मला तपासलं, काचेखाली ठेवलं आणि माझ्यादेखत म्हणाला, "दसऱ्यापर्यंत गेली तर गेली, नाहीतर भंगारात."

दसऱ्याच्या सकाळी तनया आली. कॉलेजात शिकणारी पोर, गेम खेळायला स्वतःच्या हातांनी संगणक जुळवणार होती. सोबत आयटीतला आमोदमामा.

"अगं, ही पेटीबंद नवी घे. जुनं कशाला घरात आणतेस?"

"मामा, सगळं बजेट हिच्यातच गेलं तर ग्राफिक्स कार्ड कशातून घेऊ? गेममधली चित्रं ते काढतं. मला ही जुनी पुरते."

"घे बाई. चालली नाही तर मला सांगू नकोस."

"वॉरंटी आमच्या पायरीपर्यंत," बद्रीनाथने वर सुनावलं.

पोरीला अक्कल होती. तिने मलाच उचललं.

मामासोबत कात्रजला घरी आल्यावर तिने मला पाय वर करून टेबलावर ठेवलं, प्रत्येक पाय सरळ असल्याची खात्री केली आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेली. तेवढ्यात तिची आई, हेमाताई, तबक घेऊन आली. स्कूटर पुजून झाली होती, शिलाई मशीन झालं होतं.

"हिनंच काय घोडं मारलंय?" असं म्हणून तिने माझ्या पायांवर हळदीकुंकू वाहिलं.

"आई, नको!" तनया दारातून ओरडली. हेमाताई दचकली, बोट दाबलं गेलं आणि माझा कडेचा एक पाय वाकला.

बद्रीनाथ मला परत घेणार नव्हता आणि दुसरी घ्यायची तनयाची ऐपत नव्हती. पाय तुटला असता तर तिचा संगणक अर्धवट राहिला असता आणि मी भंगारात गेले असते.

तनयाने मऊ ब्रशने कुंकू झटकलं. शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलीचं पोकळ टोक तिने वाकलेल्या पायात अडकवलं आणि हळूहळू तो उभा करू लागली. हेमाताईने टॉर्च धरला.

"हात हलवू नकोस गं," ती लेकीला म्हणाली.

"तू बोलू नकोस, मग नाही हलणार."

केसभर जास्त जोर लागला असता तरी संपलं होतं. पाय कुरकुरला, पण उभा राहिला.

मला मदरबोर्डवर बसवलं. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच.

"मी सांगितलं होतं," मामा म्हणाला.

"मामा, जरा गप्प बसशील?"

मी एकेक पाय चाचपत होते. वाकलेल्या पायातूनही वीज धावली आणि पडदा उजळला! तनयाने श्वास सोडला.

हेमाताईने पदराने घाम पुसला. "बघ. कुंकू लावलं म्हणून चालली."

मामाने गुपचूप आपट्याचं एक पान संगणकाच्या डब्यावर ठेवलं.

मित्रांनो, जुनं झालं म्हणून कुणाला मोडीत काढू नका. आधी काम काय आहे ते बघा, मग चिप निवडा. अधूनमधून पंख्यावरची धूळ पुसा. आणि पूजा जरूर करा, मला मान आवडतो. फक्त कुंकू डब्याला लावा. माझे पाय धरायची गरज नाही.