रिबिनीने खाल्लेली अक्षरं

तोकुजीची बायको कियोए फिरती फळी घेऊन घराबाहेर पडली तेव्हा तो बागेत शिडीवर होता. चेरी लाल व्हायला लागल्या होत्या आणि पाऊस लागून फळं फुटू नयेत म्हणून झाडांवर प्लास्टिक ताणायचं काम चाललं होतं. थोड्या वेळाने शेजारची योशिनो बांधावरून धावत येताना दिसली. तिच्या काखेत तीच फळी होती.

"तोकुजीसान, खाली उतरा. कियोए आमच्या दारात पडली. ॲम्ब्युलन्स आलीय."

इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. तोकुजीला मात्र योशिनोच्या काखेतली फळी पाहिली तेव्हाच काय ते कळलं होतं. ती फळी वाटेतून परत आली, असं आजवर कधी झालं नव्हतं.

फळी म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. वस्तीतल्या सूचनांचा एक कागद चिमट्याने फळीला लावायचा आणि फळी घरोघर फिरवायची. वाचलं की आपला शिक्का मारायचा आणि शेजारच्या घरी नेऊन द्यायची. नेताना हात रिकामा नको म्हणून दोन काकड्या, नाहीतर घरचं लोणचं. नाल्याची सफाई असो, कचऱ्याचा वार बदललेला असो, कागद कियोएच काढायची. खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, तिचा वापुरो होता. कॉम्प्युटर नव्हे. फक्त लिहायचं, पडद्यावर पाहायचं आणि छापायचं, एवढंच जाणणारं यंत्र. मुलगी साचिए शाळेत होती तेव्हा घेतलेलं. आता साचिएची मुलगी शाळेत जायला लागली होती.

तोकुजीने त्या यंत्राला कधी हात लावला नव्हता. त्याचं काम एकच. कागद लिहून झाला की कियोए एक कळ दाबायची आणि अख्खं पान पडद्यावर यायचं, पण इतकं बारीक की अक्षर वाचता येत नसे, प्रत्येक अक्षराचा नुसता ठिपका. मग ती हाक मारायची, "अहो, या हो जरा, कसं दिसतंय बघा."

तो हात पुसत यायचा, तिच्या मागे उभा राहायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "डावीकडे भार झालाय. आणि खाली मोकळं सोड, श्वास घ्यायला जागा नाही."

"झाड आहे का ते?"

"विचारलंस म्हणून सांगितलं."

ती कुरकुरायची, पण दोन ओळी इकडच्या तिकडे करायची. मग कागद घालायची, यंत्र करकर करत एकेक ओळ छापायचं, आणि तो परत बागेत जायचा.

सप्टेंबरच्या शेवटी वस्तीचे प्रमुख कुदो आले. दारातच बसले, बूट न काढता. याचा अर्थ त्यांना लवकर जायचं होतं किंवा नको ते बोलायचं होतं.

"नदीकाठच्या जेवणाचा कागद काढायचा आहे," ते म्हणाले. "अळकुड्यांच्या कालवणाचं सामान सांगून ठेवायला हवं. फळी उद्या संध्याकाळी निघाली पाहिजे."

"निघेल की."

"तसं नाही. माझी भाची नगरपालिकेत आहे ना, ती कॉम्प्युटरवर चुटकीसरशी काढून देते म्हणाली. रंगीत. वर अळकुडीचं चित्रसुद्धा."

"अळकुडी कशी असते ते माहीत नाही असं कोण आहे वस्तीत?"

कुदो हसले. मग मान खाली घालून बुटाची नाडी पाहत राहिले. "तुम्हाला त्रास नको, म्हणून म्हटलं."

"यंदाचा कागद या घरातून निघेल," तोकुजी म्हणाला. "उद्या संध्याकाळी नाही निघाला तर भाचीला सांगा. मग पुढचेही तिलाच."

कुदो गेल्यावर तो यंत्रासमोर बसला. गेल्याच महिन्यात, ओबोनला, पितरांच्या सणाला, आली होती तेव्हा, साचिए म्हणाली होती की हे यंत्र आता भंगारात देऊ, जागा अडते. तो तेव्हा हो किंवा नाही काहीच बोलला नव्हता. आता त्याच्या ध्यानात आलं की उद्याचा कागद यातून निघाला नाही, तर नाही म्हणायला त्याच्याजवळ कारणच उरणार नाही.

त्याने सेंदाईला, साचिएकडे, फोन लावला.

"बाबा, खरंच?" साचिए म्हणाली. "बरं, थांबा. चालू केलंत? फ्लॉपी आत आहे? आता वरच्या बाजूला 'उघडा' असं काही दिसतंय?"

"दिसतंय."

"ते दाबा. नावं आली? आईने गेल्या वर्षीचं ठेवलं असेल."

नावं आली. नालासफाई, कचरा, जत्रा, गवत काढणे, आणि त्यात 'नदीकाठचं जेवण'. त्याने ते उघडलं. पडद्यावर चारच ओळी मावत होत्या. गेल्या वर्षीची तारीख, मग जागा, मग वेळ.

"तारीख तेवढी बदला. खोडायची कळ उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात. एकदाच दाबा बाबा, धरून ठेवू नका."

त्याने धरून ठेवली. तारखेबरोबर वारही गेला. साचिए फोनवर हसायला लागली, आणि बऱ्याच महिन्यांनी तिचं असं हसू ऐकून तो मुद्दाम म्हणाला, "आता जागाही गेली."

"बाबा!"

"नाही गेली. आहे."

एका बोटाने अक्षरं शोधत त्याने तारीख घातली. कोणी काय आणायचं, ती यादी तशीच ठेवली. अळकुड्या ओनुमांकडून, म्हणजे त्याच्याच घरून. कोन्याकूच्या कंदाच्या वड्या आणि पातीचा कांदा खालच्या आळीतून. गाईचं मांस कुदोंकडून. मोठं पातेलं देवळातून. मग त्याला वाटलं, आपलंही काहीतरी यात असावं. यादीखाली त्याने स्वतःची एक ओळ घातली: 'सरपण तोकुजी आणेल. चेरीच्या छाटलेल्या फांद्या वाळून तयार आहेत.' एवढं लिहायला त्याचा अख्खा चहा गार झाला.

"झालं? आता 'पाहा' असं असेल. ते दाबा, अख्खं पान दिसेल."

ते त्याला माहीत होतं. त्याने कळ दाबली आणि पान आलं, ठिपक्याठिपक्यांचं. कियोएचं पान. वर मथळा, मग मोकळी जागा, मग डावीकडे नीट धरलेली यादी, गेल्या वर्षी त्यानेच भार कमी करायला लावलेली. तो सवयीने उठला, खुर्चीच्या मागे गेला आणि डोळे बारीक करून उभा राहिला. खुर्ची रिकामी होती. पान मात्र चांगलं होतं. फक्त त्याच्या नव्या ओळीने खालची जागा खाल्ली होती, आणि पडद्याच्या कोपऱ्यात लिहून आलं होतं: पान एक, एकूण दोन.

"साचिए, दोन पानं कशी झाली?"

"तुम्ही ओळ वाढवलीत ना, म्हणून शेवटची ओळ पुढच्या पानावर ढकलली गेली. पुढचं पान बघा."

पुढच्या कोऱ्या पानावर अगदी वर ठिपक्यांची एकच ओळ होती. वाचता येत नव्हती. त्याने परत मोठ्या अक्षरांत पाहिलं. 'काही अडचण असल्यास: ओनुमा कियोए.' पुढे घरचा फोन नंबर.

"काय आहे?" साचिएने विचारलं.

"काही नाही. खालची ओळ."

आईची खालची ओळ कोणती असायची ते तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, "मधली एखादी मोकळी ओळ खोडलीत तर ती परत वर येईल, बाबा. किंवा… बघा तुम्ही."

"बघतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याने मोकळी ओळ खोडली नाही. खालची ओळही खोडली नाही. सांभाळून ठेवायची कळ दाबली आणि सायकल काढून रिबिन आणायला गेला, कारण छापायचं तर फळीच्या कागदाला नेहमी नवी रिबिन लागायची.

विजेच्या सामानाच्या दुकानात जुना मालक त्याला ओळखत होता. "वापुरोची रिबिन? आजोबा, आता कोण वापरतं? मागवतो, पण यायला दिवस लागतील. कॉम्प्युटर घ्या ना."

"मला कागद छापायचा आहे, दुकान टाकायचं नाही."

मागवून ठेव म्हणून सांगून तो परत आला. यंत्रात होती तीच रिबिन उरली. ती मे महिन्यातल्या नालासफाईच्या कागदाला लागली होती, कियोएच्या शेवटच्या कागदाला. या रिबिनीची शाई एकदाच निघते. अक्षर छापलं की तेवढी शाई कागदावर जाते आणि रिबिनीवर त्या अक्षराचं भोक राहतं, आरपार दिसणारं. कियोए काटकसरी होती. घरातल्या घरात काही छापायचं असलं की डबीच्या भोकात पेन्सिल घालून रिबिन मागे फिरवायची आणि तीच परत वापरायची. मग साचिएला पाठवायच्या लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लागायच्या त्या अशा: 'मु_ा, खारट, सां_ळून.' फळीला मात्र असला कागद तिने कधी लावला नव्हता.

दुपारी तोकुजीने पेन्सिल घेतली. रिबिन फिरवली. कागद घातला. यंत्राने विचारलं, सगळी पानं का एकच? त्याने एक निवडलं.

करकर सुरू झाली. कागद बाहेर आला तेव्हा त्याने तो खिडकीशी धरला. पडद्यावर धडधाकट होतं ते पान इथे उंदरांनी खाल्ल्यासारखं झालं होतं. मथळा ठीक होता. तारखेचा अर्धा आकडा गायब. 'सकाळी' होतं, 'वाजता' होतं, मधे काही नव्हतं. 'कुदोंकडून' होतं, पण मांस कशाचं ते गेलं होतं. त्याच्या स्वतःच्या ओळीतून 'तोकुजी'चा 'जी' गळाला होता. नालासफाईच्या कागदाने आपली जागा सोडली नव्हती.

त्याने तो कागद कियोएच्या फोटोपुढे ठेवला. "असा निघालाय," तो म्हणाला. मग दुसरं काहीच न सुचून तोच कागद फळीला लावला, आपला शिक्का मारला, भोपळ्याचा एक तुकडा घेतला आणि योशिनोकडे गेला.

दारात दोघंही क्षणभर थांबली. त्या जागेवर.

"द्या इकडे," योशिनो म्हणाली आणि फळी घेतली. कागद वाचला. डोळ्यांजवळ नेऊन परत वाचला. "हे काय हो? वाळवी लागली का?"

"जुनी रिबिन आहे."

"आणि मांस कशाचं, ते कुठे गेलं?"

"गेलं."

योशिनोच्या डोळ्यांत चमक आली. ती समुद्राकडच्या शोनाईहून सून म्हणून आली होती आणि तिथे अळकुड्यांचं हे कालवण डुकराचं मांस आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा, घालून करतात. इथे गाईचं आणि शोयू, सोयाबीनचा काळा खारट रस. लग्न झाल्यापासून दर शरद ऋतूत ती हा वाद काढायची आणि दर वेळी हरायची.

"बरं," ती म्हणाली. "भोपळा छान आहे."

फळी पुढे गेली. एरवी तिसऱ्या दिवशी परत यायची, या वेळी पाचव्या दिवशी आली. कुदो स्वतः घेऊन आले आणि या वेळी बूट काढून आत आले.

कागद भरलेला होता. ज्या ज्या ठिकाणी अक्षर गेलं होतं, तिथे कोणीतरी हाताने लिहिलं होतं. तारखेचा आकडा कोणीतरी पेनाने पुरा केला होता. वेळेच्या जागी देवळाच्या भटजींनी कुंचल्याने झोकदार 'दहा' लिहिलं होतं. 'जी' कोणा लहान मुलाने घातला होता, कागदाबाहेर जाईल एवढा मोठा. मांसाच्या जागी योशिनोच्या हातचं 'डुकराचं' होतं. त्यावर काट मारून कोणीतरी 'गाईचं'. त्यावर पुन्हा काट. शेवटी बाजूला बारीक अक्षरांत: 'दोन पातेली आणा आणि भांडण मिटवा.' त्याखाली सगळ्यांचे शिक्के.

"भाचीला दाखवला," कुदो म्हणाले. "म्हणाली, मामा, असं कॉम्प्युटरवर नाही करता येणार."

तोकुजी हसला. मोठ्याने नाही, पण हसला.

"एक मात्र आहे," कुदो कागदाच्या तळाशी बोट ठेवत म्हणाले. "अडचण असली तर कोणाला विचारायचं, ते नाव खाली असायचं. यंदा नाही. तिथे कोणी काही लिहिलंही नाही. सगळ्यांनी रिकामंच ठेवलं."

"दार उघडंच असतं माझं," तोकुजी म्हणाला. "येऊन विचारा."

नदीकाठी दोन पातेली चढली. चेरीची लाकडं धूर न करता जळली, हे सगळ्यांनी कबूल केलं. योशिनोच्या पातेल्यापाशी सुरुवातीला कोणी गेलं नाही. मग तोकुजी गेला, वाटी पुढे केली, आणि मिसोचं कालवण खाऊन म्हणाला की वाईट नाही.

"वाईट नाही म्हणजे काय?" योशिनोने डाव आपटत विचारलं. "चांगलं आहे म्हणा की!"

"पुढच्या वर्षी म्हणेन."

"ऐकलंत ना सगळ्यांनी? पुढच्या वर्षीही दोन पातेली!"

त्याने दुसरी वाटी घेतली. उन्हं चांगली होती.

रिबिन नंतर आली. नवी, गुंडाळलेली, ती त्याने खणात ठेवली. यंत्र खिडकीखाली आहे. साचिएला त्याने सांगितलं की ते भंगारात द्यायचं नाही, डिसेंबरमध्ये बर्फ काढायच्या पाळ्यांचा कागद काढायचा आहे. फ्लॉपीत 'नदीकाठचं जेवण' अजून दोन पानांचं आहे. दुसऱ्या पानावर एकच ओळ आहे. ती त्याने खोडलेली नाही, आणि छापायचीही राहिली आहे.