पार्वताबाईच्या ओसरीतला डब्बा

संध्याकाळचे सात पंचवीस झाले की सालेकशाच्या बौद्ध मोहल्ल्यातलं केबल बंद. पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू. चार दिवस हाच तमाशा. मोहल्ल्याच्या पुढची तीन गावं त्याच लाइनीवर, त्यामुळे सगळ्यांचे फोन मलाच. "खुशाल, काय करून राहिला बे? टीव्हीत नुसत्या मुंग्या!"

मी खुशाल. सुप्रभा केबलचा लाइनमन मी, कंप्युटरवाला मी, अन् शिव्या खाणाराही मीच. चार दिवस खांबावर चढलो, जोड सोडून पुन्हा बांधले, माकडांनी वायर ओढली असेल म्हणून दीड किलोमीटर पायी फिरलो. वायर साली ठणठणीत.

हे २००९ चं सांगतो. महिनाभर आधीच आमच्या चॅनलचा चेहरामोहरा बदलला होता. मालक जागेश्वर सेठ नागपूरला कुठलं तरी चॅनल पाहून आला अन् म्हणाला, "अपने को भी ऐसाच चाहिए." मी आठ दिवस बसून सगळं केलं. कोपऱ्यात फिरणारा गोळा, बातम्यांच्या मागे उंच बिल्डिंगा (सालेकशात अशा बिल्डिंगा कुठल्या, पण सेठला हव्या होत्या) अन् खाली धावणारी पट्टी. आधी सात पंचवीसला बातम्या संपल्या की त्या वाचणारी आमची साक्षी आजूबाजूच्या गावांतली निधनं वाचून दाखवायची. कोण गेलं, कुठलं, माती किती वाजता. सेठ म्हणाला, हे रडगाणं बंद. मग निधनं पट्टीत गेली अन् वर गाणी लागली. खोटं कशाला बोलू, मला भलतंच आवडलं होतं ते. बायकोला मुद्दाम टीव्हीसमोर बसवून दाखवलं होतं.

पाचव्या दिवशी डोक्यात उजेड पडला. लाइन लांब गेली की सिग्नल दुबळा होतो, तो वाढवायला मध्ये एक डब्बा बसवतात. डब्ब्याला वीज लागते. म्हणून तो कोणाच्या तरी घरी ठेवायचा, त्यांच्याच बोर्डात पिन लावायची अन् बदल्यात त्यांना कनेक्शन फुकट. त्या मोहल्ल्यातला डब्बा पार्वताबाईच्या ओसरीत होता. सत्तरीची एकटी बाई. मी सव्वासातलाच समोरच्या भिंतीआड जाऊन उभा राहिलो.

सात पंचवीसला बुढी आतून आली, तिनं पिन उपटली अन् खाटेवर जाऊन बसली.

"पार्वताबाई!" मी ओरडलोच. "तुम्ही पिन काढून राहिल्या? मी चार दिवस खांबावर लटकून राहिलो ना जी! काऊन काढता?"

"काढली मीच. तुले याले चार दिवस लागले."

"पण कायले?"

"गुलाब मेली."

मला काही उमगेना. "कोन गुलाब?"

"दरेकशाची. चाळीस साल आमी संगं धानाचा रोवणा केला, एकाच बांधीत. तिच्या माहेरी मी बाळंत झाली. तिच्या मरनाची पट्टी माह्या डोळ्यासमोरून गेली. तीन बार गेली मनते समोरच्या उदारामची माय, तिले सुनेनं वाचून दाखवली; तिले वाटलं मले मालूम असन. मी इथंच बसून गानं आयकून राहिली होती. मले वाचता येते का, बाबू? साक्षी बोलली असती तं मी तवाच निंघाली असती. पाच दिवसांनी बाजारात मालूम पडलं."

"तिच्या घरच्यांनी फोन नाही केला?"

"फोन नातलगाले जाते. मी कोन तिची? रोवन्याची जोडीदारीन." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता आमच्यातली लटोरीची कुंता तेवढी उरली. तिचंबी तोंड पाहाले नाही भेटलं तं हा डब्बा विहिरीत टाकीन, सांगून ठेवतो."

मला लाज वाटली. गुलाबबाईचं नाव मीच टाइप केलं होतं. हिरव्या अक्षरात. हिरवं काय झकास उठून दिसतं म्हणून स्वतःवरच खूश झालो होतो.

सेठकडे गेलो. म्हटलं, साक्षीला पुन्हा वाचू द्या. तर तो भडकला. "एक बुढी के लिए पूरा लुक बदलूं? पागल है क्या? डब्बा दुसऱ्याच्या घरी हलव. फुकटचं कनेक्शन कोण सोडते?"

नोकरी होती, काय करणार? दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन गेलो. समोरच उदारामचं घर.

"माह्याकडे नोको."

"अरे फुकट आहे बाप्पा!"

"फुकट असो की काही असो. माही मायबी तेच म्हणून राहिली, साक्षीचा आवाज काऊन बंद केला मनून."

बकाराम म्हणाला, बोर्ड जळाला. त्याच्या मागे पंखा गरगर फिरत होता. मी पंख्याकडे पाहिलं, त्यानंही पाहिलं, पण बोर्ड जळालेलाच राहिला. तिसऱ्या घरी दार उघडलं नाही. पाच घरं फिरलो. सात पंचवीसला पुन्हा सगळीकडे मुंग्या.

मग सेठ स्वतः आला, गाडी घेऊन. आधी जरा आवाज चढवून पाहिला, पण कोणी हललं नाही. पार्वताबाई खाटेवरून उठलीसुद्धा नाही.

"जागेश्वर," ती म्हणाली, "तुहा बाप मेला ते आमाले कोनं सांगतलं? साक्षीनंच ना? आमी तुहे नातलग होतो का? तरी सारा मोहल्ला मातीले आला होता."

सेठ गाडीच्या चाव्या हातात खेळवत राहिला. निघताना मला म्हणाला, "पाच मिनिटं वाचू दे तिला. बाकी लुकला हात नको लावू."

त्या संध्याकाळपासून सात पंचवीसला पिन जागेवर राहिली. पट्टी धावायची, गोळा फिरायचा, अन् साक्षी वाचायची.

रोवणे लागले. आषाढात एका संध्याकाळी लटोरीहून चिठ्ठी आली. कुंताबाई, माती सकाळी दहाला. साक्षीला म्हटलं, हे आधी वाच, अन् हळू वाच. तिचं वाचून होताच मी मोटरसायकल काढली, म्हटलं म्हातारीला आपणच नेऊन सोडू. पोचलो तर दाराला कुलूप.

"नाव आयकलं अन् बुढी निंघाली," उदाराम समोरून म्हणाला. "ईश्वरदासच्या ऑटोत बसून गेली. अनवानीच."

मी तिथं मोहल्ल्यात उभा राहून हसलो. इतका आनंद मला त्या फिरणाऱ्या गोळ्याचाही झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मुद्दाम तिच्याकडे गेलो. ओसरीत एकटीच बसली होती. टीव्ही बंद होता.

"पाहाले भेटलं का तोंड?" मी विचारलं.

"भेटलं. रातभर तिच्याजवळ बसली." मग बोर्डाकडे बोट करून म्हणाली, "आता माहं कोनी नाही उरलं, बाबू, ज्याची खबर पाहिजे. न्याचा असन तं ने तुहा डब्बा."