शामलाबाईंची विलायती तसबीर

शामलाबाईंच्या दिवाणखान्यातली तसबीर विलायती आहे, हे धरमपेठेत सगळ्यांना पाठ होतं. नसायला काय झालं? आल्यागेल्याला चहाच्या आधी तेच पाजलं जायचं. "मामंजींना इंग्रज साहेबांनी दिली हो. तिकडचं सरोवर आहे." तैलरंगातलं जुनं चित्र, चार नावा, काठाला झाडांची दाट सावली.

तुळसाबाई सात वर्षं त्या तसबिरीवर फडकं मारत होती. विलायतेत शिंगाडे कधीपासून व्हायला लागले, हे तिनं कोणाला विचारलं नाही. सावलीतल्या डोंग्यात, बोटभर जागेत, तिचा नवरा बसला होता, डाव्या हातानं शिंगाड्याचा वेल ओढत. उजव्याची बोटं लहानपणीच गेली होती. "साहेब माह्या डोंग्याची तसबीर काढून राहिला," असं सांगत तो सोनेगावच्या तलावावरून हसत घरी आला होता. मग काविळीनं गेला. धीवराच्या घरात फोटो कुठला? आता त्याचं बसणं तिला इथंच दिसायचं.

दिवाळीनंतर महिला मंडळाच्या बाया आल्या. "काय देखणा मुलूख!" एकजण म्हणाली. तुळसाबाईच्या हातात चहाचा ट्रे होता. जिभेला हाड नसतं, म्हणतात ते खोटं नाही.

"हा तं सोनेगावचा तलाव हाय बाई. अन् हे आमचे मालक, शिंगाडे काढून राहिले."

बायांनी चष्मे लावून पाहिलं. सावलीतला माणूस आजवर कोणाला दिसलाच नव्हता. एक हसली, मग सगळ्या हसल्या. शामलाबाईही हसल्या, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आता काम जाणार, असं तुळसाबाई धरूनच चालली होती. तसं काही झालं नाही. सोमवारी महाल भागातला कवडू पेंटर आला, दुकानांच्या पाट्या रंगवणारा.

"तो माणूस अन् ते वेल," शामलाबाईंनी बोट ठेवलं, "तिथं सगळं पाणी करून टाका."

तुळसाबाई झाडू ठेवून पुढे आली. "बाईसाहेब, त्यायचा दुसरा फोटो नाही जी माह्यापाशी. राहू द्या."

"वेडी आहेस का? कोणीही असेल तो."

कवडू तुळसाबाईकडे बघत उभा राहिला. मग स्टुलावर चढला. स्टूल डुगडुगत होतं.

"तुळसा, नुसती बघतेस काय? धर ते," शामलाबाई म्हणाल्या.

सोडून गेली असती, तर घरच्या तीन तोंडांना काय घातलं असतं? कवडूनं ब्रश टेकवला तेव्हा तिनं मान खाली घातली, पण स्टूल हलू दिलं नाही.